नवव्या खडपाची नोंद

"आता भांग आसा, बाय," मेतरकाका म्हणाले. "नववा खडप सुकाचा नाय."

ते प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात, पायरीवर बसले होते. आत या म्हटलं तरी ते कधी आत येत नसत, पायांची वाळू लादीवर पडेल म्हणून. मी रजिस्टर उघडून त्यांच्यासमोर उकिडवी बसले होते. मार्चचा पहिला आठवडा होता. एप्रिलमधल्या परिषदेला निष्कर्ष पाठवायचे होते आणि नवव्या खडपावरच्या शेवाळाची माझ्याकडे जेमतेम चिमूटभर भुकटी उरली होती.

भांग म्हणजे काय ते मला त्यांनीच शिकवलं होतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि तितकंच खाली जातं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, समुद्र धड चढत नाही, धड उतरत नाही. खालचीवाडीच्या किनाऱ्यावर ओढ्याच्या मुखापासून टोकापर्यंत आम्ही दोघांनी डिसेंबरमध्ये नऊ खडपं ठरवून त्यांना क्रमांक दिले होते. पहिलं ओढ्याला लागून, घोटाभर पाण्यातलं. नववं सगळ्यांत बाहेरचं, चारी बाजूंनी पाण्यात असलेला काळा कातळ. तिथे उधाणाच्या ओहोटीला तासभर पोहोचता येतं, एरवी नाही.

"अमावास्येक आणून देतंय," ते म्हणाले. "सात-आठ दीस रव."

सात-आठ दिवस थांबलं तर सुकवणं, साखर काढणं, रक्तावरची चाचणी, काहीच वेळेत होणार नव्हतं. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं आणि जानेवारीचं पान उलटलं. मग रजिस्टरमधल्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे बघा काका. जानेवारीत तुम्ही तीन पिशव्या आणल्यात. चार, दोन आणि नऊ. आणि त्या तारखेला काय होतं? अष्टमी. म्हणजे भांगच. तरी तुम्ही नवव्यावरून आणलंत ना?"

ते माझ्या बोटाकडे बराच वेळ बघत राहिले. वाचत होते की आठवत होते, मला कळलं नाही. मला बरं वाटत होतं, हे मात्र स्पष्ट आठवतं. पुराव्याने एखादी गोष्ट सिद्ध केली की वाटतं तसं बरं.

"बरां," ते शेवटी म्हणाले. "बेस्तरवारी बघतंय."

बेस्तरवार म्हणजे गुरुवार. त्या गुरुवारी अष्टमी होती.

*

मी इस्लामपूरची. समुद्र मी पहिल्यांदा बघितला तो एम. एस्सी. झाल्यावर, या प्रकल्पात सहायक म्हणून लागले तेव्हा. मेतरकाकांना याची फार गंमत वाटायची. तुमच्या घाटावर पाणी नळाला येतं, म्हणून तुम्हाला वाटतं ते वेळेवर येतं, असं ते मला येताजाता ऐकवत. नाव जगन्नाथ मेतर. वय साठीच्या पुढे. होडी विकून झाली होती, मुलगी लग्न होऊन वेंगुर्ल्याला. घरी ते आणि काकी. आमच्या नाडगौडा सरांनी शेवाळ गोळा करायला त्यांना ठेवलं होतं, आणि किनाऱ्यावरचं जे काही मला कळत होतं ते त्यांच्यामुळे.

आमचं शेवाळ तपकिरी, लहान मण्यांसारखे फुगे असलेलं. ते गोड्या पाण्यात धुवायचं, सावलीत सुकवायचं, दळायचं. अल्कोहोलमध्ये भिजवून त्याचा रंग आणि तेलकटपणा काढून टाकायचा. मग गरम पाण्यात तासन् तास ढवळायचं, गाळायचं आणि त्या गढूळ पाण्यात परत अल्कोहोल ओतायचं. तेव्हा त्यातून पांढरे धागे सुटतात. ती साखर. चवीला गोड नाही, चहातली तर नाहीच. तिच्या साखळीला जागोजागी सल्फेट चिकटलेलं असतं, आणि त्या सल्फेटमुळे ती रक्त गोठू देत नाही. पुढेमागे तिचं औषध होऊ शकतं, म्हणून आमचा सगळा खटाटोप.

कुठल्या खडपावरच्या शेवाळात ही ताकद जास्त, हा माझा प्रश्न होता. माझं म्हणणं होतं, जिथे लाटांचा मार जास्त तिथे सल्फेट जास्त. सर म्हणाले होते, कल्पना छान आहे, आकडे आण. रक्तपेढीतून मुदत संपलेला प्लाझ्मा मिळायचा. मी तो नळीत घ्यायची, आमची साखर घालायची, गोठायला लावणारं रसायन घालायची आणि स्टॉपवॉच दाबून नळी तिरकी करत बसायची. साधा प्लाझ्मा बत्तीस सेकंदांत गोठायचा. चार नंबरचं शेवाळ घातलं की साठ. दोन नंबरचं, सत्तर. आणि नऊ नंबरचं घातलं तेव्हा दोनशे चाळीस सेकंद झाले तरी नळीतला प्लाझ्मा पाण्यासारखाच हलत राहिला. मी स्टॉपवॉच बंद करायची विसरले.

सगळ्यांत बाहेरचं खडप, सगळ्यांत मोठा आकडा. मला हवं होतं तसंच.

क्रमांकांची आमची एक पद्धत होती. तेलाच्या पांढऱ्या कॅनमधून कापलेल्या पट्टीवर पेन्सिलने खडपाचा क्रमांक लिहून ती पट्टी पिशवीत टाकायची. सुरुवातीला काका मराठी आकडे लिहीत. पण नोंदी संगणकावर चढवायचा तो विपिन, आणि तो केरळचा. त्याने एकदा मराठी पाच इंग्रजी चार म्हणून चढवला, तेव्हा मी काकांना इंग्रजी आकडे लिहायला सांगितलं. चौथी शिकलेला माणूस, पण त्यांनी ते मनावर घेतलं. वर्तमानपत्राच्या कडेला गिरवून ते मला दाखवायला आणायचे. "ह्यो चार कसलो? उलटी घातलली खुर्ची," असं एकदा म्हणाले होते. महिनाभरात त्यांचे आकडे विपिनच्या आकड्यांपेक्षा सुबक झाले.

जानेवारीत त्यांनी पिशव्या आणून दिल्या तेव्हा मी संक्रांतीला घरी गेले होते. विपिनने त्या तारीख टाकून फ्रीजरमध्ये ठेवल्या. मी आल्यावर पट्ट्या वाचून रजिस्टरमध्ये नोंद केली.

*

गुरुवारी ओहोटी दुपारी बाराच्या सुमाराला होती. मी त्यांच्याबरोबर जाणार होते, पण सकाळी सरांनी परिषदेचा गोषवारा मागितला आणि मी प्रयोगशाळेतच राहिले. तीन वाजता खालचीवाडीतून फोन आला की काका परतले नाहीत. वारा सुटला होता. होड्या काढल्या, पण टोकाजवळ त्या लावता येईनात. शुक्रवारी सकाळी ते पलीकडच्या पुळणीवर सापडले. शेवाळाची जाळीची पिशवी कमरेला बांधलेली होती, आणि ती भरलेली होती.

म्हणजे ते नवव्यावर पोहोचले होते. कापायचं ते कापलं होतं. परत येता आलं नाही.

वाडीत दोन तर्‍हेचं बोललं जात होतं. काही म्हणत, म्हाताऱ्याला घमेंड होती. काही म्हणत, प्यायला असणार, नाहीतर मेतरासारखा माणूस भांगाच्या पाण्यात तिथे जाईल कशाला. काका दारूला शिवत नसत, हे सगळ्यांना माहीत होतं. पण दुसरं काही कारण कुणाला सुचत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी चौकीवर जबाब झाले. परुळेकर हवालदार शांतपणे लिहून घेत होते. सरांनी कॉलेजचं पत्र करून आणलं होतं, त्यात "सदर व्यक्ती स्वतःच्या मर्जीने व अनुभवाच्या भरवशावर गेली" असं होतं. मी माझा जबाब स्वतःच्या शब्दांत दिला. मी मागणी केली होती हे सांगितलं, लपवलं नाही. आणि पुढे म्हटलं, ते जानेवारीतही अशाच पाण्यात त्या खडपावर जाऊन आले होते, तशी नोंद आहे. रजिस्टर दाखवलं. सही केली.

काकी बाकावर बसल्या होत्या. हिरवं लुगडं, रिकामे हात. त्या एकदम म्हणाल्या, "ते जानेवारीत नवव्यार गेले नाय."

हवालदारांनी वर बघितलं.

"त्या दिसा हे जेवणाक घरात होते. चार, दोन करून इले. भांगाच्या पाण्यार नवव्यार खंयचो मनीस जायत?"

"काकी, नोंद आहे," हवालदार समजुतीने म्हणाले. "तारखेसकट. तुम्हाला एवढं कसं आठवेल? दोन महिने झाले."

काकींनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, दुःखात माणूस असं बोलतो. मी रजिस्टर मिटलं. त्यांना एवढंच हवं होतं की तो माणूस आपल्या लहरीने गेला असं कुठे लिहिलं जाऊ नये. ते तसं लिहिलं गेलं, आणि माझ्या नोंदीच्या आधाराने.

*

आठवड्याने चौकीवरून पिशवी परत आली, कॉलेजची वस्तू म्हणून. शेवाळ काळं पडत चाललं होतं, पण वास अजून खारा होता. विपिन म्हणाला, फेकून देऊ का? मी नको म्हटलं. फेकणं मला जमेना आणि ठेवून करायचं काय, तेही कळेना. मग मला जे येत होतं ते मी केलं. नोंद करायला बसले.

पट्टी आत होती. निघायच्या आधी घरीच लिहून ठेवलेली असावी, इतकी नीट. 9. वर गोल, उजवीकडून सरळ खाली आलेली रेघ. मी जानेवारीच्या नऊची पट्टी शोधून काढली, दोन्ही एकाच गठ्ठ्यात बांधायच्या म्हणून. शेजारी ठेवल्या.

जानेवारीच्या आकड्याचा गोल आतून सुरू होत होता. त्याची शेपटी सरळ खाली जात नव्हती, उजवीकडे तिरकी जाऊन टोकाला वळत होती.

तो नऊ नव्हता. तो मराठी एक होता.

चार आणि दोन इंग्रजीत लिहून झाले होते. एक लिहिताना हात जुन्या सवयीने वळला, एवढंच. मी तो आकडा किती वेळा बघितला होता. मला मराठी वाचता येतं, मी मराठी शाळेत शिकले आहे. पण मीच सांगितलं होतं की आकडे इंग्रजीत हवेत, म्हणून मी ते इंग्रजीत वाचले. आणि नऊ मला हवाही होता.

नंतर मी बाकीचं ताडून बघितलं. भांगाच्या दिवशी पोहोचता येतं ती जवळची खडपं. चार, दोन, एक. इतकं सरळ होतं ते. अष्टमीचा जो पुरावा मी त्यांच्यासमोर धरला होता, तो माझ्याच नोंदीविरुद्धचा पुरावा होता.

मी सरांकडे गेले. त्यांनी दोन्ही पट्ट्या भिंग घेऊन बघितल्या. मग म्हणाले, "मला हा एक वाटतो. पण वाटण्यावर जायचं नाही. तू दोन्हींची चाचणी कर. तीन-तीनदा. खात्री होईपर्यंत कुणाशी बोलू नकोस."

मला ते पटलं. मला ते फारच लवकर पटलं.

मी ओढ्याच्या मुखाशी गेले. चप्पल न काढता मला पहिल्या खडपावर जाता आलं. शेजारी एक बाई कपडे धूत होती. मी विळ्याने पिशवीभर शेवाळ कापलं, पाच मिनिटं लागली. मग ते आणि काकांच्या शेवटच्या पिशवीतलं, दोन्ही एकाच वेळी लावलं. धुतलं, सुकवलं, दळलं. अल्कोहोल, गरम पाणी, परत अल्कोहोल. दोन्ही चंचुपात्रांत पांढरे धागे सुटले, दिसायला अगदी सारखे. काकांच्या पिशवीतल्या शेवाळाची साखर मी चिमट्याने, एक कणही न सांडता नळीत घातली. तेही मला आठवतं.

पहिल्या खडपाची नळी दोनशे चाळीस सेकंदांनंतरही गोठली नाही. नवव्याची अडतीस सेकंदांत गोठली.

मी परत केलं. एकोणचाळीस. तिसऱ्यांदा, अडतीस.

त्यात काहीच नव्हतं. लाटांचा मार, सल्फेट, माझी सगळी कल्पना, काहीच नाही. जे हवं होतं ते ओढ्याच्या तोंडाशी, गोड्या पाण्यात, कपड्यांच्या साबणात वाढत होतं.

सर म्हणाले, पेपरमध्ये खडपाचा क्रमांक दुरुस्त करू, निष्कर्ष तर उलट जास्त रोचक झाला. जबाबाचं मी विचारलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते वाईट माणूस नव्हते. "आता ते बदलून मेतर परत येणार आहेत का? तुझं मात्र सगळं जाईल. कॉलेजचंही," ते म्हणाले. "विचार कर."

*

काकी अंगणात कालवं फोडत बसल्या होत्या. दगडावर शिंपला ठेवायचा, लोखंडी कोच मारायचा, आतला गर वाडग्यात टाकायचा. मला बघून त्यांनी हात थांबवला नाही. पाट दाखवला. मी बसले नाही.

काय बोलायचं ते वाटेत ठरवून आले होते. त्यातलं काही बोलता येईना. मी पर्समधल्या दोन पट्ट्यांतली जानेवारीची काढली आणि त्यांच्यापुढे धरली.

"काकी, यावर काय लिहिलंय?"

त्यांनी मान तिरकी करून एकदा बघितलं. "एक."

"नक्की?"

"एक मां? त्येंच्या हातचो आसा." मग त्यांनी कोच खाली ठेवला. "खंय गावलो?"

मी सांगितलं. सगळं, पट्टी, रजिस्टर, कॅलेंडर, चाचणी. मी तो नऊ वाचला. त्यांनी बरोबर लिहिलं होतं, चूक माझी होती. ते जानेवारीत नवव्यावर गेले नव्हते. तुमचं खरं होतं.

"माझां खरां होतां ता माका म्हायत आसा," काकी म्हणाल्या.

वाडग्यावर माश्या बसायला लागल्या होत्या. त्यांनी पदराने हाकलल्या.

"तुमी कॅलेंडर दाखवलास, त्या सांजे हे घराक इले. माका इचारूक लागले, जानेवारीत मी नवव्यार गेलंय काय गो? मी म्हटलंय, नाय. तुमी जेवणाक घरात होतास. तर माझ्यारच रागावले. म्हणाले, माका आठवना नाय, पण बायच्या वहीत आसा. शिकलेला चेडू वहीत खोटा लिवात?"

त्या थांबल्या.

"मगे आपणच म्हणाले, त्या दिसा गेलंय म्हणजे आताव जाऊक गावतला."

ओढ्याकडून धुण्याचा आवाज येत होता. मग त्यांनी विचारलं, "ह्यां तुमका कधी कळलां?"

"अकरा दिवस झाले."

"आकरा दीस?" आवाज चढला नाही. "आकरा दीस तुमी काय करीत होतास?"

"तपासत होते," मी म्हणाले. "तीन-तीनदा करावं लागतं. खात्री होईपर्यंत."

काकी माझ्याकडे बघत राहिल्या, जणू मी काय बोलले ते त्यांना दुसऱ्या भाषेतून कळून घ्यायचं होतं.

"माका इचारूचा होता," त्या म्हणाल्या.

त्यांनी वाडगा झाकून आत ठेवला, हात धुतले, दाराला कडी घातली. चौकीपर्यंत आम्ही चालत गेलो, त्या पुढे, मी मागे. वाटेत कुणी विचारलं तर त्या एकच सांगत होत्या, लिवूक जातंय.

परुळेकर हवालदारांनी दोन्ही पट्ट्या खिडकीच्या उजेडात धरल्या, उलटसुलट केल्या. मग मला म्हणाले, जबाब बदलला तर पुढे काय होतं ते माहीत आहे ना? मी हो म्हटलं. माहीत नव्हतं. पुढच्या महिन्यात मी प्रकल्पात नव्हते, आणि त्या साखरेवर आजवर जे काही छापून आलं त्यात माझं नाव नाही. याला आता सात वर्षं झाली.

हवालदारांनी नवीन कागद घेतला आणि मी सांगत गेले तसं लिहीत गेले. लिहून झाल्यावर रिवाजाप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवलं. "सदर नोंद माझ्या वाचण्याच्या चुकीमुळे झाली. श्री. जगन्नाथ मेतर हे जानेवारी महिन्यात नवव्या खडपावर गेले नव्हते. त्यांनी पट्टीवर बरोबर आकडा लिहिला होता. मार्च महिन्यात ते माझ्या सांगण्यावरून गेले."

मी सही करायला पेन घेतलं. काकींनी माझ्या मनगटावर हात ठेवून मला थांबवलं.

"परत वाचा," त्या हवालदारांना म्हणाल्या.

त्यांनी परत वाचलं.